आत्यांचे पूल

देवाने नदी निर्माण केली ती माणसाने तिच्यावर पूल बांधावा म्हणून, माणसाने पूल बांधला तो कोणीतरी त्याचा फोटो काढावा म्हणून, आणि तो फोटो काढला गेला तो फिरत फिरत शेवटी क्युपर्टिनोतल्या आपल्या घरी यावा म्हणून, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे. ती म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. पूलही कुठले, तर पश्चिम कॅनडातले. आणि तेही आजचे नव्हेत. आगगाडी पहिल्यांदा डोंगर ओलांडून तिकडे पोचली त्या काळातले, ओंडक्यांवर ओंडके रचून दरीत उभे केलेले. त्यांच्या जोडीला कड्याच्या पोटातून जाणारे रूळ, आणि पाठीमागे भलंमोठं चाक लावलेल्या, नदीतून चालणाऱ्या आगबोटी. आत्या मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन आल्या त्या थेट कॅलिफोर्नियात. कॅनडाशी त्यांचा संबंध काय, तर नकाशात तो आपल्या डोक्यावर असतो, एवढाच.

हे वेड लागलं एका बरणीपायी. कुणाच्या तरी गॅरेज सेलमध्ये लोणच्यासाठी म्हणून त्यांनी चिनी मातीची एक जुनी बरणी घेतली. बरणी ज्या खोक्यात होती त्याच्या तळाशी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो होता. खोल दरी, दरीत आगपेटीच्या काड्यांनी केल्यासारखा लाकडी पूल, पुलावर एक इंजिन, आणि इंजिनाच्या पुढे-मागे ओळीने उभी असलेली माणसं. त्यातला एक तर पार कडेला, पाय खाली सोडून बसलेला. बरणी घरी येईतो गाडीतच फुटली. त्याचं दुःख आत्यांना आजतागायत झालेलं नाही. घरात शिरल्या त्या फोटो हातात धरून, आणि आतोबांना म्हणाल्या, "अहो, हा बघा कसा बसलाय! खाली नदी आहे आणि हा घरच्या ओट्यावर बसल्यासारखा बसलाय!" आतोबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "बरणी कुठाय?"

आत्या व्यवसायाने डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या. "हिने आयुष्यभर लोकांना औषध देऊन झोपवलं, रिटायर झाल्यापासून फोटो दाखवून झोपवते," हा आतोबांचा विनोद आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहे आणि आत्या स्वतःही त्याला हसतात. पण त्या फोटोंकडे बघतात मात्र त्याच नजरेने, ज्या नजरेने टेबलावरच्या पेशंटकडे बघत असतील. एकदा भिंग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "नदी बघ. दुधासारखी झाली आहे की नाही? कॅमेऱ्याला वेळ लागायचा गं त्या काळी. पाणी वाहून जायचं, ते असं पुसट दिसायचं. पण ही माणसं बघ. एकाचाही चेहरा हललेला नाही. सगळ्यांनी श्वास धरलाय." मी पाहिलं. खरंच, इतक्या उंचीवर, वाऱ्यात, ती सगळी माणसं छातीत हवा भरून थांबली होती. शेजारी आत्याही श्वास धरून उभ्या होत्या आणि, का कोण जाणे, मीही धरला. एका फोटोसाठी दोन मोठ्या बायका निळ्या पडायच्या बेतात आलेल्या पाहून माझी मुलगी म्हणाली, "मॉम, आर यू गाइज ओके?"

फोटो वाढत गेले तसे घराचे कायदेही वाढत गेले. आत्यांकडे शंकरपाळे खाल्लेल्या माणसाला फोटोला हात लावता येत नाही. आधी साबण, मग टॉवेल, मग हॉस्पिटलातले हातमोजे. एकदा पुण्याहून आलेले एक गृहस्थ मोजे घालून हात वर करून उभे राहिले आणि विचारते झाले, "पोट कुणाचं उघडायचंय?" फोटोंना उष्णता मानवत नाही म्हणून ते झोपायच्या खोलीत, आणि त्या खोलीचा एसी बारा महिने चालू. बाहेर क्युपर्टिनोचा उन्हाळा रणरणत असताना आतोबा आत स्वेटर आणि कानटोपी घालून दुपारची वामकुक्षी करतात. मराठी मंडळाच्या गणपतीत सजावटीचं काम चुकून आत्यांकडे आलं, त्या वर्षी आमचा बाप्पा आइस्क्रीमच्या काड्यांच्या प्रचंड पुलाखाली बसला होता. काही म्हणा, आरतीला उभ्या राहिलेल्या इंजिनियर लोकांचं लक्ष बाप्पापेक्षा पुलाकडेच होतं. "लोड कसा घेतोय यार हा!" असं कुणीतरी 'सुखकर्ता'च्या मधेच म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे.

त्यांना गोल्डन गेट पूल दाखवायला नेणं हा पाहुण्यांचा हमखास फसणारा बेत. सगळे आ वासून बघत असतात आणि आत्या गाडीत बसून राहतात. "सुंदर आहे, नाही कुठे म्हणते मी? पण त्याला ते माहीत आहे," असं म्हणतात आणि पर्समधून आपला एखादा बिचारा लाकडी पूल काढतात. फोटोंतल्या माणसांची नावं कुठेच लिहिलेली नसतात, ही त्यांची कायमची खंत. पाठीमागे इंजिनाचा नंबर असतो, बोटीचं नाव असतं, कंत्राटदाराचं असतं; दोर ओढणारे, सुरुंग लावणारे, रूळ ठोकणारे, त्यांतले कितीतरी चीनहून आलेले, ते सगळे नुसते 'कामगार'. म्हणून आत्यांनी त्यांना आपल्या घरातली नावं दिली आहेत. पुलाच्या कडेला पाय सोडून बसलेला तो बाळूमामा. आगबोटीच्या टोकाशी कमरेवर हात ठेवून उभी असलेली जाडजूड बाई म्हणजे वाईची काकू. "बाळूमामाला उंचीचं भय नव्हतंच कधी," असं त्या इतक्या सहज म्हणतात की नव्या माणसाला वाटावं, साताऱ्याचं एक अख्खं घराणं कॅनडात रेल्वे बांधायला गेलं होतं.

या सगळ्या पुलांपैकी एकही आत्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. दर वर्षी निघायचं ठरायचं आणि आतोबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." मग आतोबांच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली.

ऑपरेशनच्या सकाळी माझा नवरा प्रवासात होता, म्हणून आत्यांसोबत मी गेले. आतोबांना आत नेलं आणि दार बंद झालं. आत्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि मला आत काय चाललं असेल ते सांगू लागल्या. "आता हाताला सुई लावली असेल. आता त्यांना काहीतरी गप्पा मारायला लावतील, मीही लावायचे. आता झोपले असतील." पुढचं सगळं त्यांना माहीत होतं, पण बोलवेना. खुर्चीचा हात चाचपून म्हणाल्या, "आत असताना कधी भीती वाटली नाही बघ. बाहेरच्या खुर्च्या एवढ्या टणक असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

मग पर्समधून त्यांनी तो पहिला फोटो काढला. भिंग नव्हतं, मोजेही नव्हते. नुसता मांडीवर ठेवला. "इतकी वर्षं मी पुलावरचीच माणसं बघत आले," त्या म्हणाल्या. "पण यांतला प्रत्येक जण सकाळी कुणालातरी सांगून निघाला असेल ना गं? कुणीतरी दिवसभर वाट बघत बसलं असेल. ते कुणाच्याच फोटोत आलेलं नाही." मी त्यांचा हात धरला. भूल देणारा तो हात, ज्याच्या भरवशावर शेकडो माणसं निर्धास्त डोळे मिटत आली, बर्फासारखा गार होता.

आतोबा बरे झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "खोली किती छान गरम आहे!" आणि दुसरं, आत्या जवळ गेल्यावर, अगदी हळू, "आता पुढच्या वर्षी म्हणणार नाही. या वर्षी जाऊ."

ऑगस्ट सरता सरता आम्ही तिघं निघालो. माझं ग्रीन कार्ड तोवर आलं होतं, तेव्हा सरहद्दीची चिंता नव्हती. ड्राइव्ह मी करत होते. ब्रिटिश कोलंबियात शिरल्यावर डोंगर असे अंगावर येऊ लागले की आतोबांचं घोरणंसुद्धा बंद झालं. खाली खोल दरीत नदी, तिच्या दोन्ही काठांनी रूळ, आणि त्यावरून संपता न संपणारी मालगाडी. आत्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. त्या पहिल्या फोटोमागे ज्या गावाचं नाव होतं त्याच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, फोटो हातात घेऊन रस्त्याच्या कडेला गेल्या आणि समोरच्या डोंगराची रेघ फोटोतल्या रेघेशी जुळवून पाहिली. जुळली. जागा तीच होती.

पूल नव्हता. असणार तरी कसा? लाकूडच ते. दरीच्या त्या पोटात मातीचा भराव होता, त्यावर गवत वाढलेलं, तळाशी नदीला बोगद्यातून वाट ठेवलेली, आणि वरून आजचे रूळ सरळ गेलेले. मी मनातून हादरले. इतक्या लांब आणून देवाने हे दाखवावं? आतोबाही घसा खाकरून म्हणाले, "अगं, काळ गेला..." पण आत्या हसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होत्या. "अहो, पाडला नाही त्यांनी! वरून माती ओतलीय. आत आहे तो. ओंडके कुजले असतील, पण उभे होते तसेच आत गाडले गेले. अजून गाडी त्याच्याच डोक्यावरून जाते!" हे खरं होतं की त्यांच्या मनाचं, मला ठाऊक नाही. मी कधी विचारायला गेले नाही. तेवढ्यात एक मालगाडी आली आणि आमच्या पायांखालची जमीन थरथरायला लागली. आम्ही तिघंही नकळत हात जोडून उभे राहिलो. कुणाला, ते सांगता येणार नाही.

गावात जुन्या स्टेशनच्या खोलीत एक छोटंसं संग्रहालय होतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी फोटो पाहिला आणि खुर्चीत बसल्याच. "वुई डोन्ट हॅव धिस वन," त्या म्हणाल्या. आत्यांनी क्षणभर फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नाऊ यू डू." मग पाय सोडून बसलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिज नेम इज नॉट नोन. बट ही वॉज व्हेरी ब्रेव्ह." बाळूमामा म्हणाल्या नाहीत. त्याला तिथल्या लोकांच्या हवाली करताना त्यांनी आपलं नाव परत घेतलं.

परतताना नदी ओलांडायला एक तराफा लागला. एकदोन गाड्या मावतील एवढाच. वर या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा जाड दोर, त्याला तो अडकवलेला. नावाड्याने चाक फिरवून तराफा धारेशी थोडा तिरका केला आणि तो आपोआप सरकू लागला. आवाज नाही, धूर नाही. आत्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "व्हेअर इज द इंजिन?" नावाडी म्हणाला, "देअर इजन्ट वन, मॅम. द रिव्हर टेक्स अस." नदीच नेते आपल्याला! आत्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पलीकडे पोचल्यावर मी गाडी उतरवली, पण या दोघांचा पत्ता नाही. मागे वळून पाहिलं तर आतोबा नावाड्याशी बोलत होते, आणि आत्या जागच्या हललेल्या नव्हत्या.

"तू थांब गं," आतोबा ओरडले, "हिला आणखी एक फेरी मारायचीय!"

तराफा पुन्हा धारेला लागला. मी काठावर उभी राहिले. दोन म्हातारी माणसं शेजारी शेजारी उभी, एकाच्या अंगात स्वेटर, दुसरीच्या पदराला वारा लागलेला, आणि त्यांना अलगद पलीकडे घेऊन चाललेली ती अवाढव्य हिरवी नदी. मी हात हलवला. त्यांनी पाहिला नसावा. दोघंही पाण्याकडे बघत होती.