धारोष्ण दुधाचा चक्का

“बाई, तुम्हाला क्षय नाही. ब्रुसेलोसिस आहे,” डॉक्टर म्हणाले. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तरी माझा जीव भांड्यात पडला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी एकटीच होते. आनंदाची बातमी सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा ताप. आजारी म्हशीच्या न तापवलेल्या दुधातून त्याचे जंतू पोटात जातात. संध्याकाळी ताप चढतो, पहाटे अंगावरचं पातळ घामाने भिजतं, कंबर धरते. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर ते. संध्याकाळचा ताप आणि उतरलेलं वजन म्हटलं की सगळ्यांच्या मनात एकच आजार यायचा, आणि तो क्षय.

आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉइडच्या. तोवर मी शिकवत होते त्या शाळेत कुजबुज पोचली. शिक्षकांच्या खोलीत माझ्या कपाच्या कानाला दोरा बांधलेला दिसला, वेगळा ओळखू यावा म्हणून. मुख्याध्यापकांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं, की आजार कळेपर्यंत येऊ नका. क्षय निघाला तर शाळा कायमची सुटणार, हे मला कळून चुकलं. माझे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं, मूलबाळ नव्हतं. माणसांत बसायला मला शाळेशिवाय दुसरी जागा नव्हती.

एकट्या माणसाच्या तापात सगळ्यात वाईट काय, सांगू? कपाळाला हात लावून बघायला कुणी नसतं. आपलाच हात लावावा तर तोही तापलेला, त्याला काहीच कळत नाही.

शेवटी दवाखान्यात भरती झाले. छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला, तरी ताप हटेना. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, “दूध गरम करून घेता ना?”

“गरमच असतं,” मी म्हणाले.

मी काही खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे गवळी म्हैस दारात आणतो आणि समोर धार काढून देतो. ते धारोष्ण दूध फेसासकट गरमच असतं. ते पुन्हा स्टोव्हवर चढवलं तर कस जातो, असं सगळा गाव मानतो, मीही मानत होते. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. पुढे खाण्यापिण्याची चौकशी करताना मी सहज रोजच्या लिटरभर दुधाचं आणि चक्क्याचं बोलले, तेव्हा ते थांबले.

त्या निरशा दुधालाच मी विरजण लावायचे. दही पंच्यात बांधून टांगायचे, पाणी गळलं की मऊ गोळा वाडग्यात काढायचे. फ्रिज कुठला असायला? वाडगा ओल्या वाळूत रोवून तो चक्का चार-पाच दिवस पुरवायचे. वास आला नाही म्हणजे चांगला, हे माझं शास्त्र.

“गारव्यानं दुधातले जंतू मरत नाहीत बाई, उलट टिकतात,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पण एकट्या माणसाला रोज एक लिटर दूध कशाला लागतं?”

मी पांघरुणाच्या घड्या सारख्या करू लागले.

मग ॲग्लुटिनेशन चाचणी झाली, म्हणजे शरीर कुठल्या जंतूशी झगडतंय ते रक्तावरून ओळखणं. तिच्यातून निदान झालं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या. भेटायच्या वेळी वॉर्ड माणसांनी आणि डब्यांनी भरून जायचा. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे.

घरी चक्का करणाऱ्यांना सांगते, दूध चांगली उकळी येईपर्यंत तापवा, कोमट झालं की मगच विरजण लावा. पंचा उकळत्या पाण्यातून काढा, वाडगा झाकून ठेवा. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपेल एवढाच करा. वासावर जाऊ नका. माझ्या चक्क्याला शेवटपर्यंत वास नव्हता.

बरी होऊन घरी आले. सकाळी गवळी म्हशी घेऊन दारात आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “व्हय, एक म्हस गाभडली हुती की. पर दूध तर झ्याक देत हुती.” गाभडली म्हणजे गर्भ पडला; जनावरात या आजाराची हीच खूण. तिला जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं त्यानं कबूल केलं आणि दुसरीची धार काढायला बसला.

“आता अर्धाच लिटर घाला,” मी म्हणाले. “हे गेले.” वर्षभरात हे दोन शब्द मी कुणापुढे उच्चारले नव्हते.

त्याचा हात थांबला. “ठावं हाय बाई. खांद्याला मी बी हुतो. तुमी म्हणाला न्हाईसा, म्हणून घालत गेलो.”

मी पातेलं बाजूला ठेवून उंबऱ्यावरच बसले आणि रडले. त्याची पुढची घरं खोळंबली होती, तरी माझं रडं थांबेपर्यंत तो म्हशीला थोपटत तिथेच उभा राहिला.