उजव्या बाजूचं मेडल

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. उलट आमच्या घराण्यात भुताच्या गोष्टी पुरवायचं खातं माझ्याकडेच आहे. लग्नकार्यात जेवणं झाली की पोरं मला घेरतात आणि मी बसल्या जागी एखादी हडळ तयार करून देतो. त्यामुळे खरंच काही घडलं, तेव्हा विश्वास ठेवायला घरात कुणी उरलंच नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. यात पदरचं काही घातलेलं नाही... सवय आहे, पण या वेळी नाही.

तर माझे काका. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, एकाहत्तरच्या लढाईत सेना मेडल मिळवलेलं, पुढे दिल्लीतच राहिले — द्वारकेच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. दाढी केल्याशिवाय दारातली दुधाची पिशवीसुद्धा आत घ्यायचे नाहीत. लढाईबद्दल विचारलं की म्हणायचे, "थंडी फार होती." बास. बाकीची लढाई मी लढलो, म्हणजे सांगितली. माझ्या सांगण्यात शत्रूची संख्या दर दिवाळीला वाढायची.

दर डिसेंबरात कॅन्टोन्मेंटमध्ये त्यांच्या पलटणीतले म्हातारे जमून स्मारकाला फुलं वाहायचे. त्या दिवशी काका निळा ब्लेझर घालायचे. मेडलं सगळी डाव्या छातीवर, आणि एक, फक्त एकच, उजव्या.

"काका, डावं-उजवं शिकवलं त्या दिवशी परेडला दांडी मारली होतीत वाटतं," मी एकदा म्हणालो.

"बरोबर जागी लावलंय," ते हसून म्हणाले आणि बूट चढवायला बसले.

गेल्या होळीनंतर काका गेले. काकूसाठी काहीतरी करावं म्हणून मी त्यांची मेडलं फ्रेम करायला घेतली. डबा उघडून बघतो तर सेना मेडल चक्क दोन. मला कोण आनंद! मुनिरक्याच्या एका फ्रेमवाल्याकडून सगळी मखमलीवर एका ओळीत बसवून घेतली. वर काच, मागे स्क्रू, त्यावर ब्राऊन टेप, आणि खाली पितळी पट्टी — 'दोन वेळा सेना मेडलने सन्मानित'. काकूच्या हॉलमध्ये टांगली आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी काकूचा फोन.

"नंदू, फ्रेममधलं एक मेडल ह्यांच्या ब्लेझरवर आहे."

"तू काढलंस का?"

"मला लोणच्याची बाटली उघडत नाही. मी तुझे स्क्रू काढीन?"

गेलो. कपाटात ड्रायक्लीनिंगच्या प्लास्टिकमध्ये काकांचा ब्लेझर, आणि त्याच्या उजव्या छातीवर एक सेना मेडल. फ्रेममध्ये तेवढी जागा रिकामी. काच शाबूत, मागची टेप कुठे उचकटलेलीसुद्धा नाही. मग शिकलेला माणूस करतो तेच मी केलं — फ्रेमवाल्यावर चिडलो. त्याने माझ्यासमोर ब्लेडने टेप कापली, मेडल परत बसवलं, दोन स्क्रू जास्तीचे मारले. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. तेच मेडल, तीच उजवी बाजू.

काकूचा मुलगा अभय टोरांटोला असतो. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "नंदूदादा, सिम्पल आहे. आई स्वतः करते आणि विसरते. तिला एकटं ठेवणं सेफ नाही. डिसेंबरात येतो आणि तिला घेऊनच जातो. फ्लॅट भाड्याने देऊ."

"मी काही विसरत नाही," काकू स्क्रीनच्या बाहेरून म्हणाली. "विसरत असते, तर दहावीला तुला गणितात किती पडले होते तेही विसरले असते."

कॉल संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "मी इथून हलणार नाही. ह्यांच्या जागी यंदा फुलं वाहायला मी जाणारे. मला वेडी ठरवायचं असेल तर त्यानंतर ठरवा."

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती वॉकरवर होती. लिफ्टच्या पलीकडे गेलेली नव्हती. पण आवाज असा होता, की मीच नीट उभा राहिलो.

निदान तिच्यावरचा आळ तरी जाईल म्हणून फ्रेम पुन्हा बंद करून घेतली आणि नोएडाला माझ्या घरी आणली. आमच्या बेडच्या बॉक्समध्ये, गादीखाली ठेवली. माझी बायको सुजाता म्हणाली, "तुमच्या काकांच्या पराक्रमावर झोपून माझी पाठ धरलीय."

डिसेंबर आला, अभय आला. रविवारी त्याने मला बोलावलं. स्वेटर धुवायला पडला होता, म्हणून मी माझा लग्नातला ब्लेझर चढवला (बटण लागत नाही, तो विषय वेगळा), वरून मफलर गुंडाळला आणि नोएडाहून मेट्रोने जवळजवळ सगळी ब्लू लाइन पार करून द्वारकेला पोचलो. हॉलमध्ये अभय काकूच्या व्हिसाचे कागद लावत होता. काकू ओठ घट्ट मिटून खुर्चीत. समोरच्या फ्लॅटमधले रिटायर्ड कर्नल सूद चहाला आलेले. मी मफलर काढला.

कर्नलसाहेब कप ठेवून उभे राहिले. "नंदूजी, ये दाहिनी तरफ़... किसका है?"

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या छातीवर मेडल होतं.

माझा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही. अभय मात्र सवयीने आईकडे बघायला लागला, आणि अर्ध्यातच थांबला. आई तर या घराबाहेर पडलीच नव्हती. मी सुजाताला फोन लावला. "गादी उचल." ती कुरकुरली, खडखड झाली. "टेप आहे तशी आहे हो... पण एक जागा रिकामी दिसतेय."

"अपने मेडल बाईं तरफ़," कर्नलसाहेब सांगत होते. "जो चला गया, उसके घरवाले उसका मेडल पहनें तो दाहिनी तरफ़. फ़ौज का क़ायदा है."

"पर काका को तो दो बार मिला था," मी.

"दूसरी बार मिले तो फीते पर पट्टी लगती है, दूसरा मेडल नहीं मिलता. ये सूबेदार साहब का है ही नहीं." त्यांनी ते हलकेच सोडवलं, बाल्कनीतल्या उन्हात धरलं आणि कडेवर कोरलेलं नाव वाचलं. केशव. पुढचं आडनाव आमचं नव्हतं.

काकूने हात पुढे करून ते मागून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांच्या तुकडीतला. लग्न व्हायचं होतं. हे जखमी होऊन पडले, त्याने ह्यांना ओढून आणलं आणि स्वतः गेला. एकदाच बोलले होते माझ्याजवळ. त्याच्या आईला भेटायला दर वर्षी गावी जायचे. म्हातारी वारली त्या साली एक छोटी डबी घेऊन आले. मला वाटलं, अंगारा असेल."

म्हणजे ज्याचं मागे कुणी उरलं नाही, त्याचा घरचा माणूस म्हणून काका ते लावत होते. आणि मी पितळी पट्टी ठोकून त्या केशवला काकांच्या खात्यावर चढवून मोकळा झालो होतो.

"तर," काकू अभयला म्हणाली, "विसरतंय कोण?"

"आई, तिकीट पुढे ढकलतो."

"पुढे नको. रद्द कर."

कार्यक्रमाच्या सकाळी तिने मरून कार्डिगनवर सगळी मेडलं उजवीकडे लावली — आता काकाही गेलेले, आणि केशवही. पदर डाव्या खांद्यावर, त्यामुळे उजवी बाजू मोकळीच होती. व्हीलचेअर आणली होती, तिने तिच्यावर आपली पर्स ठेवली. वॉकर टेकत, दर दोन पावलांनी दम घेत, ती स्मारकापर्यंत चालत गेली आणि दोन फुलं वेगवेगळी ठेवली. अभय मागून येत होता. एकदाही "आई, बस" म्हणाला नाही.

परतताना गाडीत तिने विचारलं, "माझ्यानंतर हे कोण लावणार?"



"मी," मी म्हणालो.

"तुझं बटण लागत नाही."

"लागेल."

पितळी पट्टी मी काढून टाकली. केशवचं मेडल आता काकांच्या फोटोशेजारी स्वतःच्या डबीत असतं, आणि तिथून हललेलं नाही. अभय इंजिनिअर आहे. जाण्याआधी त्याने मोबाइलच्या टॉर्चने त्या टेपचा इंच न् इंच तपासला. विमानतळावर म्हणाला, "काहीतरी एक्सप्लनेशन असणार, दादा. सापडलं तर कळव."

सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही. ब्लेझर सरोजिनी नगरच्या टेलरकडे नेला होता. तो म्हणाला, कपड़ा बचा नहीं है साहब, अब आप ही कम होइए. म्हणून रोज सकाळी सोसायटीला फेऱ्या मारतो. त्याआधी दाढी करतो, आणि मगच दुधाची पिशवी आत घेतो.