अक्काची कातडी

माझी अक्का एक नंबरची हट्टी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली आणि बारा वर्षांत अख्खा विभाग खांद्यावर घेतला. तिथल्या मॅडम गाजरगवतावर संशोधन करायच्या. ते उपटून आणायचं, सावलीत वाळवायचं, दळायचं, अर्क काढायला मेथनॉलमध्ये भिजत घालायचं, सगळं अक्काकडे. गवताला तोटा नव्हताच. आधी ते कुंपणापलीकडे होतं, मग पार्किंगमध्ये शिरलं, यंदा जिन्याच्या फटीतसुद्धा त्याची पांढरी फुलं. एका रोपाच्या हजारो बिया, उपटणार तरी किती!

हातमोजे घाल म्हटलं की म्हणायची, "माझी गेंड्याची कातडी आहे, तुला माहीत नाही का?"

गेल्या वर्षी त्याच कातडीनं दगा दिला. आधी कोपराच्या आत खाज, मग मान, मग पापण्या सुजून डोळेच उघडेनात. उन्हात गेली की नुसती आग आग. डॉक्टरांनी बजावलं, "ही गवताची ॲलर्जी. इतकी वर्षं शरीरानं सोसलं, आता जराही सोसणार नाही. काम सोडा. छातीत उतरलं तर श्वास कोंडेल." बाईनं काय करावं? लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले आणि कामावर हजर!

मी भांडलो तर म्हणाली, "आई कॅन्सरनं गेली, आपण बघत बसलो. या गवतातलं पार्थेनिन काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"बशीत मारतं! माणसाचं काय?" मी ओरडलो. ऐकतंय कोण?

परवा जिना चढताना तिच्या छातीतून शिटी वाजली. मला धडकीच भरली. राजीनामा मीच लिहिला आणि तिला जवळजवळ ओढत मॅडमकडे नेलं.

मॅडमनी कागद वाचला, अक्काच्या पापण्या पाहिल्या. "पेशी मारतं तेच हिला खातंय. माझंच चुकलं. आजपासून यायचं नाही." माझा जीव भांड्यात पडला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? अशी कातडी अभ्यासाला मिळत नाही. चिमूटभर नमुना घेतला तर..."

माझं डोकंच फिरलं. "माणूस आहे की उंदीर ती?"

अक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बाही वर सारत होती.

"घ्या की," ती म्हणाली. दम लागला म्हणून थांबली. "पण मग कामावर ठेवाल ना?"