ताईने ओरडून सांगितलेला आकडा

गल्लीत सगळे ओळखायचे ते बारक्याला. शर्यतीत गाडी तो पळवायचा, फोटोत ढाल उंचावून तोच उभा असायचा. त्याच्या थोरल्या बहिणीला लोक मीटरबाई म्हणायचे, तेही चेष्टेने. बापाच्या माघारी गॅरेज तिनेच ओढलं होतं. बाप स्पार्क प्लगचा रंग बघून कार्बुरेटरमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा. हिने पोटाला चिमटा काढून एअर-फ्युएल मीटर आणलं आणि सायलेन्सरच्या नळीला भोक पाडून त्याचा सेन्सर स्वतःच्या हाताने बसवला.

इंजिन पेट्रोलच्या एका भागामागे हवेचे किती भाग ओढतंय, एवढंच ते मीटर सांगायचं. गाडी पूर्ण दाबली की आकडा साडेबाराच्या आसपास हवा. खाली गेला तर इंजिन गुदमरतं, काळा धूर ओकतं. वर चौदा-पंधरावर गेला तर पेट्रोल कमी पडतं, आतली उष्णता हाताबाहेर जाते आणि पिस्टन मेणासारखा पाघळतो.

बारक्याला रस्त्यावरून नजर काढायची सोय नव्हती. म्हणून ताई शेजारच्या सीटवर मीटर मांडीवर घेऊन बसायची आणि ओरडून आकडे सांगायची. ती ‘दाब’ म्हणाली की तो दाबायचा, ‘सोड’ म्हणाली की विचार न करता पाय उचलायचा. मग गाडी थांबवून ती कार्बुरेटरमधला जेट बदलायची. पितळेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मधे सुईच्या टोकासारखं भोक. भोक बारीक झालं की पेट्रोल कमी, एवढा साधा हिशोब.

एका मोठ्या टीमचा मॅनेजर बारक्याला बघायला गॅरेजमध्ये आला, तेव्हा ताई जिन्याखाली कार्बुरेटर धूत बसली होती.

“इंजिन कोण लावतं?” मॅनेजरने विचारलं.

“मीच,” बारक्या म्हणाला. “ताई नुसते आकडे वाचते. पोपटाला शिकवलं तर तोही वाचेल.”

मॅनेजर हसला. ताईने हात पुसले, आत जाऊन चहा ठेवला आणि बाहेर येऊन दोघांना साखर किती घालू ते विचारलं.

जेवताना बारक्याने सांगितलं की टीमने घेतलं तर इंजिनही तो घेऊन जाणार.

“इंजिन माझं आहे,” ताई म्हणाली.

“तुझं कसलं आलंय?” आई मधेच बोलली. “तू काय शर्यतीला उभी राहणार आहेस? पोराचं नशीब उघडतंय तर तू तोंड पाडून बसलीस.” आणि तिने बारक्याच्या ताटात आणखी वाढलं.

ताईने आपलं ताट उचलून धुतलं. मॅनेजरने ठरवलेल्या चाचणीच्या दिवशी सकाळी तिने कार्बुरेटर उघडला, जेट काढले आणि बारीक भोकाचे बसवले.

मॅनेजर ट्रॅकच्या कठड्याशी उभा होता. पहिल्या वळणापर्यंत गाडी नेहमीसारखी गेली. सरळ पट्टा लागला तशी बारक्याने दाबली. मीटरवर चौदा आलं, मग पंधरा.

“साडेबारा,” ताई ओरडली. “दाब.”

इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. बारक्याचा पाय किंचित सैल झाला.

“ताई, आवाज येतोय.”

“साडेबारा आहे. दाब म्हणते ना.”

त्याने दाबली. क्षणभर गाडी जोरात सुटली, मग समोरच्या काचेवर पांढरा धूर पसरला आणि मागची चाकं जाम झाली. गाडी गिरकी घेत कडेच्या मातीत रुतली. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही.

मॅनेजर धावत आला. इंजिनचं वरचं झाकण उघडल्यावर पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक दिसलं. बारक्याने हेल्मेट काढून ताईकडे पाहिलं. “सांग ना यांना, साडेबारा होतं म्हणून.”

“मी पंधरा म्हणत होते,” ताई शांतपणे म्हणाली. “सोड, सोड म्हणून घसा सुकला माझा. ह्याने ऐकलंच नाही.”

बहीण खोटं बोलेल हे बारक्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यापेक्षा आपलेच कान फसले, हे मानणं त्याला सोपं गेलं.

“शेजारच्या माणसाचं ऐकू न येणारा ड्रायव्हर मला नको,” मॅनेजर म्हणाला आणि आपल्या गाडीत बसून निघून गेला.

घरी आईने बारक्याला फैलावर घेतलं. बहिणीचा जीव घेतला असतास, म्हणाली. पुढे तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला.

“कान ठणठणीत आहेत म्हणाले,” त्याने ताईला सांगितलं. “मग मी ऐकलं काय, ताई?”

“तुला जे ऐकायचं होतं ते.”

त्यानंतर त्याने शर्यतीचं नाव काढलं नाही. ताईच्या हाताखाली गॅरेजमध्ये राहिला. सांगितलेलं काम लगेच करायचा नाही, आधी दोनदा विचारायचा. दहाचा पाना म्हणालीस ना? दहाच ना? गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसायची. ताई मात्र दर वेळी न चिडता पुन्हा सांगायची, आणि भावाला किती सांभाळून घेते म्हणून लोक तिचं कौतुक करायचे.

कधीतरी आपल्याला त्याची कीव येईल, असं तिला सुरुवातीला वाटायचं. तशी ती वाटही पाहायची. एकदा एक नवं गिऱ्हाईक मीटरकडे बोट दाखवून म्हणालं, “हे तुमच्या भावाला वाचता येतं का?”

बारक्या गाडीखाली पडून ऑइल काढत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, “वाचता येईल. पण भरवसा कोण ठेवणार?”

गाडीखालून त्याचा आवाज आला.

“ताई, ऑइल सगळं काढू म्हणालीस ना? सगळंच ना?”

“हो,” ती म्हणाली. “सगळं.”