मावशींच्या खणातले करार

मावशींना राग यायचा तो सावकाश, पण एकदा आला की मुक्कामालाच यायचा.

फुटबॉल क्लबच्या धुलाईखोलीत त्यांची अर्धी हयात गेली होती. खेळाडू त्यांना मावशी म्हणत आणि चांगलेच वचकून असत. क्लबची एक खोड होती. करार सगळे वर्षावर्षाचे, आणि हंगाम संपला की सही करायला म्हणून एकही पठ्ठ्या ऑफिसात फिरकत नसे. शेवटचे मळके कपडे टाकायला मात्र सगळे धुलाईखोलीत यायचे. म्हणून टायपिस्ट नव्या वर्षाचे कागद मावशींच्या टेबलाच्या खणात ठेवून जायचा आणि मावशी दारातच आडव्या उभ्या राहायच्या. "आधी सही, मग घर." हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. कधीतरी अंगावर पडलं आणि चिकटलं.

त्या वर्षी सेक्रेटरीसाहेबांनी एक नावाजलेला स्ट्रायकर आणला. आधीच्या क्लबशी त्याचा करार संपलेला, त्यामुळे त्या क्लबला छदामही द्यायचा नव्हता. "फुकटात मिळाला, फुकटात!" साहेब भेटेल त्याला सांगत सुटले. मग त्या फुकट्याला सही करण्याबद्दल घसघशीत रक्कम द्यावी लागली, त्याच्या एजंटला दलाली, बायकोच्या पसंतीचा फ्लॅट, आणि पगार तर असा की आकडा ऐकून कप्तानाला ठसका लागला. एवढा खड्डा कुठून तरी भरून काढायचा होता. साहेबांनी धुलाईखोली बंद करून कपडे बाहेरच्या लाँड्रीला लावून दिले.

"मनाला लावून घेऊ नका, मावशी," साहेब म्हणाले. "क्लबला परवडत नाही."

मावशींनी मनाला लावून घेतलं. चांगलं घट्ट.

हंगाम संपत आला तेव्हा त्या आपली इस्त्री न्यायला खोलीवर गेल्या. सहज खण ओढला, तर आत नव्या करारांचा गठ्ठा. टायपिस्टने सवयीने तिथेच ठेवला होता. खोली बंद, दारात अडवणारं कुणी नाही, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडलेला नाही! मावशींना राहवेना. कितीही झालं तरी क्लब आपला. त्या जिना चढून वर गेल्या. साहेबांच्या दाराशी पोचल्या तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, "अहो, धोबीण काय, पैशाला पासरी मिळतात. स्ट्रायकर मिळतो का असा?" वर हसण्याचा गडगडाट.

मावशी आल्या पावली खाली उतरल्या. खण लावला, इस्त्री काखोटीला मारली आणि तोंडाला कुलूप घातलं. त्या रात्री त्यांना इतकी गाढ झोप लागली की सकाळी त्यांची त्यांनाच लाज वाटली. थोडीशीच.

शेवटच्या दिवशी खेळाडूंनी कपडे लाँड्रीच्या गाडीत भिरकावले आणि पांगले. करार आपोआप संपले. क्लबचा कणा म्हणावेत असे पाच जण, कप्तानासकट, पलीकडच्या क्लबने उचलले, आणि तेही फुकटात. बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही, म्हणून ते राहिले. स्ट्रायकर गुडघ्याला बर्फ लावून फ्लॅटमध्ये बसला होता.

साहेब मावशींच्या दारात आले ते तोंड पाडून. मावशी पुढच्या खोलीत इस्त्री करत होत्या.

"सह्या राहिल्यात, हे एका शब्दाने सांगायचं होतंत, मावशी."

"सांगायचा पगार तुम्हीच बंद केलात, साहेब."

साहेबांनी नरमाईने घेतलं. "झालं गेलं सोडा. परत या. पोरं तुमचं ऐकतात."

"येईन की. मी तर फुकटात मिळते. माझाही करार संपलाय ना! फक्त सही करण्याबद्दलची रक्कम आधी हातावर, आणि एजंटची दलाली वेगळी."

"एजंट? तुमचा?"

आतल्या खोलीतून कप्तान हात पुसत बाहेर आला. मावशींच्या हातचं जेवण त्याने काही सोडलं नव्हतं. "मावशींचं मी बघतो," तो म्हणाला. "स्ट्रायकरला दिलंत तेवढंच द्या. त्याहून कमी नाही."

साहेब पुटपुटले, "क्लबला... परवडणार नाही हो."

"मग मनाला लावून घेऊ नका," मावशी म्हणाल्या.

टेबलावर कप्तानाची नवी जर्सी पसरलेली होती, पलीकडच्या क्लबची. साहेब दारात उभे होते तोवर मावशींनी तिच्यावरून इस्त्री फिरवली, मग आणखी एकदा, सावकाश.