लळिंगच्या गडावर आमचं भजनी मंडळ

मी एकदा मुक्ताईला नवस बोलले होते, "आमच्या भजनी मंडळाची एक सहल धड होऊ दे, मी वर्षभर चहा सोडते." चहा लगेच सुटला. सहलींचे मात्र नुसते किस्से साठत गेले.

जायचं होतं धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर. हट्ट आमच्या शेजारच्या अक्काचा. तिचं माहेर गडाच्या पायथ्याशी. लहानपणी रोज गड बघितला, पण मुलीच्या जातीला वर कोण जाऊ देणार? "वरथून मनं माहेर कसं दिखस, ते एकदाव देखनं शे," म्हणायची. त्यात डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही.

*

पहिली अडचण वाराची. सोमवारी माझा उपास, मंगळवारी कुसुमचा, गुरुवारी शांताचा. शुक्रवारी निम्म्या मंडळाची संतोषीमाता, शनिवारी उरलेल्यांचा मारुती. रविवारी नवरे घरी! राहिला बुधवार. ठरवला, तर त्याच बुधवारी एकादशी निघाली. ते वर्ष तसंच गेलं.

*

पुढच्या वर्षी मॅटॅडोर केली. एरंडोलला दर्शन, पारोळ्याला दर्शन, वाटेत शेंदूर लावलेला दगड दिसला की त्याचंही दर्शन! ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "ताई, आता देव दिसला की मीच डोळे मिटून घेतो!"

धुळ्यात पोचलो तर दिवेलागण झालेली. शांता म्हणाली, "जाऊ द्या अक्का, गड काय पळून जातोय?"

"गड नही पळत वं. मनी नजर पळी ऱ्हायनी."

परतताना कुणीच भजन धरलं नाही.

*

तिसऱ्या खेपेला थेट पायथा गाठला. पण आम्ही जळगावच्या बायका, वांगी बरोबर! कुसुम म्हणाली, "आधी भरीत, मग गड." काटक्या पेटवल्या, वांगी भाजली, ठेचली. कळण्याच्या भाकरीशी इतकं खाल्लं की सगळ्या आडव्या! जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

अक्का एकटीच जागी, गडाकडे तोंड करून बसलेली. "भरीत मस्त व्हयनं," एवढंच म्हणाली. मला अजून तो घास आठवला की पाणी प्यावं लागतं.

*

शेवटी एकदाच्या गेलो. त्या दिवशीही उपास होताच, उपाशीच चढलो. तोवर अक्काला उजेड आणि अंधार, एवढंच कळत होतं. दोघींनी हाताला धरून वर नेलं.

वर पोचताच एकच गलका! "अक्का, ते बघा धुळं!" "अक्का, हायवेवर ट्रक बघा, मुंगीएवढे!" शांता तर म्हणाली, "ते तिकडे जळगाव!"

"चूप ऱ्हा वं बठ्ठ्या! माले देखू द्या."

सगळ्यांना गप्प करून अक्काने हात सोडवून घेतला आणि उन्हासाठी कपाळावर आडवा धरला. तिचं तोंड बुरुजाच्या भिंतीकडे होतं. शांता तिला वळवायला पुढे झाली. मी शांताचा पदर ओढला.

बराच वेळ भिंतीकडे बघून अक्का म्हणाली, "कितलं न्हानं दिखस वं, मनं माहेर!"

तुम्हाला अक्का कधी भेटली, तर वरून काय काय दिसतं ते तिलाच विचारा. आणि आम्ही ऐकतो तसं, शेवटपर्यंत ऐकून घ्या.