न केलेल्या भेटीची नोंद

चष्म्याचं घर उघडल्याचा नुसता आवाज ऐकून पोटात गोळा यावा, असं माणूस माझ्या आयुष्यात एकच झालं: आमच्या पर्यवेक्षक बाई. मास्तरांना मी घाबरलो, वडिलांना घाबरलो, पुढे सासऱ्यांनाही रीतसर घाबरलो. पण ते सगळं किरकोळ. बहात्तरच्या दुष्काळात समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजनं मला क्षेत्रकार्यासाठी शेवगावच्या बाजूला धाडलं आणि या बाईंच्या ताब्यात दिलं. तिथे रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. बायाबाप्ये दिवसभर उन्हात खडी फोडत बसायचे. त्यांची, त्यांच्या लेकराबाळांची विचारपूस करायची, कोणी कामावर आलं नाही तर घरी जाऊन बघायचं, हे माझं काम. आणि ते मला शिकवायचं, हे बाईंचं.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. पहिले आठ दिवस त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं शेजारी बसायचं. जमलं तर खडी फोडायची." मी फोडली. तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांना फोड आले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि नवव्या दिवशी आपणहून बोलायला लागल्या. लोकांसमोर वही काढायला सक्त मनाई, कारण वही दिसली की माणूस सरकारी भाषेत बोलतं, असं बाईंचं मत. तेव्हा दिवसभराचं सगळं डोक्यात साठवायचं आणि संध्याकाळी शब्दन् शब्द उतरवायचा: डावीकडे कोण काय बोललं, उजवीकडे त्या वेळी मला काय वाटलं. शनिवारी बाई ती वही वाचायच्या. उजवी बाजू कोरी दिसली की विचारायच्या, "इथे तुमच्या पोटात काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही, बाई." "मग पोट कुठे ठेवून गेला होतात?" ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती, की कामावरचा मुकादम एकदा माझी तक्रार घेऊन तावातावाने आला, तर त्यालाही त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि हे सांगताना तुम्हाला काय वाटतंय?" मुकादम जो गेला तो पुन्हा आमच्या वाटेला आला नाही. त्यांच्या काखेत कायम एक काळी छत्री असे. आकाशात ढगाचा पत्ता नाही, आणि ऊन डोक्यावर असलं तरी ती उघडायची नाही. का, हे विचारायची माझी छाती नव्हती.

एका आठवड्यात खडीवरची एक तरुण बाळंतीण चार दिवस आली नाही. नवरा गुरं घेऊन चारा छावणीवर होता. घरी ती, तिची सासू आणि दोन महिन्यांचं लेकरू. शुक्रवारी बाईंनी मला बोलावलं. "तुम्ही एकटे जा. बाळ कसं आहे ते डोळ्यांनी बघून या."

वस्ती दीड कोस लांब. बांधावर पोचलो तर अंगणातून वासराएवढं पिवळं कुत्रं दात विचकून धावून आलं. मी ज्या वेगानं मागे पळालो त्या वेगानं शाळेत असताना पळालो असतो तर बक्षिसं मिळाली असती. लांबच्या बाभळीखाली तासभर बसलो. हाक मारली तर कुत्रं पुन्हा येईल, म्हणून हाकही मारली नाही. परत जाऊन काय सांगायचं? कुत्र्याला भ्यालो? मग मी तिथेच वही काढली आणि भेट लिहून काढली. सून बरी आहे, सोमवारपासून कामावर येईल. सासूबाईंनी आग्रहानं दुधाचा चहा दिला. बाळ खेळत होते.

शनिवारी चष्म्याचं घर उघडलं. बाईंनी सावकाश वाचलं, आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"दूध कुठलं?"

मी वाकून त्या ओळीकडे बघितलं.

"गावातली झाडून सगळी गुरं छावणीवर आहेत. आम्ही इथे महिनाभर कोरा चहा पितोय. यांच्याकडे दूध कुठलं?"

"बाई, मी गेलो नाही. म्हणजे गेलो, पण आत गेलो नाही."

त्या रागावतील, कॉलेजला कळवतील, वर्ष जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. बाईंनी विचारलं ते वेगळंच. "म्हणजे बाळ कुणी बघितलंच नाही?" आणि त्या तशाच उठून चालायला लागल्या.

तो दीड कोस मी कसा चाललो ते माझं मला ठाऊक. बाळ खेळत होते, बाळ खेळत होते, पावलागणिक तेच डोक्यात. दूरवर कोणी नुसतं बोललं तरी मला रडण्याचा भास व्हायचा. वस्ती दिसली, कुत्रं सुटलं, आणि बाईंनी माझा दंड असा धरला की नखं रुतली. त्यांच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्या हातात छत्री काठीसारखी समोर धरली होती. या बाईंना भीती वाटते, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळल्यावर मी जास्तच घाबरलो. आम्ही एकमेकांना धरून ते अंगण ओलांडलं.

सासू दारात आली. "बरं झालं आलासा, बाई. सून तापानं फणफणलीया. अन् लेकरू कालपास्नं रडतच न्हाई बगा."

लेकरू कोपऱ्यात वाकळेवर होतं. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. बाईंनी त्याला उचलून माझ्या हातात दिलं. वजनच लागेना. खडीच्या ट्रकमधून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, मायलेकरं आणि आम्ही दोघं. दर खड्ड्याला मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघत होतो. डॉक्टरांनी बाळाला घेतलं आणि एवढंच म्हणाले, "काल आणायला पाहिजे होतं." दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते रडलं. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

बाईंनी माझ्याकडून ती नोंद पुन्हा लिहून घेतली. उजवी बाजू चार पानं झाली. वर्ष काही गेलं नाही.

पुढे बाई निवृत्त होऊन नगरला राहिल्या. एकदा भेटायला गेलो. तोवर माझ्या हाताखालीही विद्यार्थी होते. बाई खूप थकल्या होत्या. त्या दिवसाचा विषय मीच काढला. म्हटलं, "बाई, तुम्ही मला नापास का नाही केलंत?"

त्यांनी ओठांकडे नेलेला चहाचा कप खाली घेतला. "ती भेट माझी होती हो," त्या म्हणाल्या. "मी मंगळवारी गेले होते. कुत्रं बघून बांधावरून परत आले. मग तीन दिवसांनी तुम्हाला धाडलं."

मी म्हटलं, "बाळ वाचलं ना, बाई. जाऊ द्या आता."

"जात नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातला चहा तसाच निवला होता. मी कप अलगद काढून घेतला.